भाऊसाहेबांचा शेरा

कुणाच्याही घरात शिरले की भाऊसाहेब आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग बसायचे. बसायचे म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकायचे. चहा येईपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन यायचे आणि शेवटचा घोट घशाखाली जायच्या आत म्हणायचे, "निघू या?" निघून जायचं कुठं, तर आमच्याच खालच्या मजल्यावर.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना पाहिलं आहे. एका मे महिन्यात तुम्ही नाशिकला, आमच्या इंदिरानगरच्या घरी आला होतात, तेव्हा त्यांनी तुम्हाला जिन्यातल्या भिंतीशी उभं करून कान लावायला सांगितलं होतं. एका जागी आवाज भरीव, हातभर पलीकडे पोकळ. "ऐका, बोलतंय," असं ते म्हणाले आणि तुमच्यातल्या धाकट्यानं भिंतीला हॅलो म्हटलं. ते हसले नाहीत. त्यांना ते रास्तच वाटलं असावं.

त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. भाऊसाहेब म्हटल्यानं ते कळणार नाही, कारण आमच्या जिल्ह्यात भर बाजारात 'भाऊसाहेब' अशी हाक मारली तर दहा माणसं मागं वळतात. हे निफाडकडच्या एका गावातले. सरकारी खात्यात पुलांच्या कामावर होते. रस्त्यांवरचे लहानमोठे पूल पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासायचे, हे त्यांचं काम. मोटारसायकल, हातोडी, वही. पूल आला की गाडी वर लावून हे काठावरून खाली उतरायचे. खांबावर हातोडी मारायची, ऐकायचं, पुढच्या खांबाकडं जायचं. जायचं ते न कळवता. आधी कळवलं की तपासणी होत नाही, सत्कार होतो, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावरही ते थांबलं नाही. गोदावरीला पाणी वाढलं की आमच्या बिल्डिंगमधली माणसं नदीच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, ते मोबाइलवर बघायची. भाऊसाहेब रेनकोट चढवून निघालेले असायचे. परत आल्यावर आमच्या दारातूनच सांगायचे, अमुक पुलाच्या दुसऱ्या खांबाशी पाणी फिरतंय, कुणीतरी बघायला हवं. कुणी विचारलेलं नसायचं. विचारलेलं नसताना सांगायचं ही त्यांची सवय होती, आणि विचारलेलं असताना गप्प राहायचं हीदेखील.

आता मूळ गोष्ट, क्रमानं.

त्यांना एकच मुलगी, अश्विनी. शाळेला सुट्टी लागली की ती मोटारसायकलच्या टाकीवर बसून त्यांच्याबरोबर पुलांवर जायची. हातोडी तिच्या मांडीवर. आई म्हणायची, पोरीला उन्हात काळी करून आणता. ती दहा वर्षांची असताना कोणत्या पुलाचा कोणता खांब पोकळ बोलतो ते तिला तोंडपाठ होतं. पुढं ती त्याच शाखेची इंजिनियर झाली, परीक्षा देऊन वडिलांच्याच खात्यात लागली आणि पुलाच्या कामावर पहिली नेमणूक कधी होते याची वाट बघत बसली.

नेमणूक झाली ती ऑफिसात. नकाशांच्या खोलीत, पंख्याखाली. वाईट वाटून घेऊ नये म्हणून तिथल्याच एका कारकुनानं तिला पंधरा दिवसांनी खरं सांगितलं. भाऊसाहेबांनी स्वतः वरच्या साहेबांना फोन केला होता की पोरीला ऑफिसात बसवा, साइटवर नको. त्यांनी साइटी पाहिल्या होत्या. बायकांसाठी आडोसा नाही, गावापासून दहा दहा मैल लांब, ठेकेदारांची तोंडं घाण. त्यांना ती काळजी वाटली होती. रात्री जेवताना अश्विनीनं ताट बाजूला सारून विचारलं, हे खरं आहे का. ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठी. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला आणि एका खासगी कंपनीत लागून ती दक्षिणेला निघून गेली.

त्यानंतर बापलेकीत बोलणं राहिलं ते आईच्या मार्फत. आई गेली, मग रविवारी सकाळी एक फोन. उन्हाळ्यात गॅलरीची दारं उघडी असली की मला वर सगळं ऐकू यायचं. जेवलात का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. बरं. बरं. फोन ठेवल्यावर ते लगेच चपला घालून बाहेर पडायचे. आपण सगळ्यांनी पाहिलेला, घरात पाय न ठरणारा माणूस तो हाच. पण त्यांचा पाय घरात का ठरत नाही, हे मला त्या फोनांमुळं कळलं.

मग एका रविवारी ते वर आले ते मोबाइल पुढं धरून. अश्विनीनं फोटो पाठवला होता. केरळातल्या एका शहरात तिच्या कंपनीनं बांधलेला पूल वाहतुकीला खुला झाला होता आणि त्याच्या काठाची आणि खांबांच्या बुडाची उरलेली कामं ती स्वतः बघत होती. (शहराचं नाव लिहू नका, असं तिनंच मला सांगितलं आहे.) संध्याकाळचा फोटो, लांबच लांब पूल, दिवे, कठड्याला टेकून उभी असलेली माणसं, खाली रुंद निवांत पाणी आणि दोन्ही काठांना नारळ. खाली एकच ओळ होती. बाबा, येऊन बघा.

तुमचे आजोबा म्हणाले, वा, काय सुंदर आहे. भाऊसाहेब दोन बोटांनी फोटो मोठा करून पुलाच्या खालचा अंधार बघत होते. वरून काय, सगळेच फोटो काढतात, असं काहीतरी पुटपुटले. मग मला म्हणाले, "वहिनी, तुमचं इंग्रजी चांगलं. तिथं मराठी कोण समजणार? तुम्ही दोघं चला."

इंग्रजीचं निमित्त होतं. मुलीच्या दारात एकट्यानं उभं राहायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आजोबांनी त्यांना सरळ विचारलं, जाऊन करणार काय? ते गॅलरीच्या कठड्यावर टकटक करत राहिले.

"चुकलं म्हणायचंय," ते म्हणाले. "जमलं तर."

नाशिक रोडहून तिकडं थेट गाडी आहे. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या पोलिसानं त्यांच्या पिशवीतून चिवड्याची पुडकी, मनुकांची पिशवी आणि सगळ्यात शेवटी हातोडी काढली. ही कशाला, असं त्यानं विचारलं. मुलीकडं चाललोय, असं भाऊसाहेबांनी उत्तर दिलं. तो पोलीस हातोडीकडं आणि यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी मी पुढं होऊन सगळं समजावलं, आणि त्यानं आम्हाला बहुधा वयाकडं बघून सोडलं.

गाडीत ते बसले असतील ते एकूण तीन-चार तास. पूल आला की दाराशी. कोकणात तर दर पाच मिनिटांनी पूल किंवा बोगदा, त्यामुळं ते दाराशीच राहिले. आजोबा म्हणाले, भाऊसाहेब, तुम्ही नाही गेलात तरी गाडी पूल ओलांडेल. ते म्हणाले, ओलांडेल हो, पण कसा ओलांडते ते नको का बघायला. मधे एकदा माझ्याशेजारी येऊन बसले आणि हलक्या आवाजात विचारू लागले की इंग्रजीत माफी मागायची तर काय म्हणतात. मी म्हटलं, तुमची मुलगी मराठी आहे. हो, ते विसरलोच, असं म्हणून ते पुन्हा दाराशी गेले.

स्टेशनवर अश्विनी आली होती. सलवार-कमीज आणि पायात जाड तळव्याचे, चिखल वाळलेले बूट. तिनं वाकून तिघांना नमस्कार केला. ते म्हणाले, बारीक झालीस. ती म्हणाली, तुम्हीपण. एवढंच. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी हमालाशी बॅगांवरून हुज्जत घालायला सुरुवात केली, मराठीत.

तिचं घर लहान म्हणून आम्हा दोघांची सोय तिनं पुलाजवळच्या एका लॉजमध्ये केली होती. भाऊसाहेबांसाठी तिनं घरी खाट मांडून ठेवली होती. ते म्हणाले, मी यांच्याबरोबरच थांबतो, यांना भाषेची अडचण. तिनं आग्रह केला नाही. सकाळी दहा वाजता पुलावर घेऊन जाईन, माझे साहेबही येणार आहेत, तुम्हाला भेटायची त्यांना फार इच्छा आहे, असं सांगून ती गेली.

सकाळी सहाला दारावर टकटक झाली. "वहिनी, निघू या?"

मी म्हटलं, अश्विनी दहाला येणार आहे. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत हातोडी. न कळवता, असं ते म्हणाले. आजोबा तोंड न धुताच निघाले.

ते पाणी मी तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही याला लगून म्हणता. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारकच्छ असा शब्द होता आणि मी तो पाठ करून मार्क मिळवले होते, पण पाहिलं त्या सकाळी. नदी म्हणावी तर पलीकडचा काठ धूसर, समुद्र म्हणावा तर लाट नाही आणि समुद्र दिसतही नाही, तो नारळांच्या मागं कुठंतरी. एक होडीवाला उभा राहून वल्हवत होता. पुलाच्या रुंद पदपथावर म्हातारी माणसं फिरत होती, बायका कठड्याला पाठ लावून फोटो काढत होत्या. पुलाला मधे एक सुरेख वळण होतं. मी आणि आजोबा त्या वळणावर उभे राहिलो. इतकं देखणं काही माणसांनी बांधलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

भाऊसाहेब आमच्याबरोबर नव्हते. ते केव्हाच काठावरून खाली उतरले होते. वरून मला फक्त त्यांची पांढरी टोपी खांबाशी हलताना दिसत होती आणि मधूनमधून टक, टक, टक. अर्ध्या तासानं ते वर आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि चेहरा ओढलेला.

काम चांगलं आहे, म्हणाले. काँक्रीट घट्ट आहे, कुठंही पोकळ नाही. पण एक चूक आहे आणि ती मोठी आहे. मग त्यांनी आम्हाला कठड्याशी नेऊन पाण्यावर बोट दाखवलं. पाणवेलींचे हिरवे पुंजके डावीकडून उजवीकडं सावकाश वाहत चालले होते. म्हणजे पाणी डावीकडून येतं. मग खांबांच्या बुडाशी दगडांची भर डाव्या अंगाला जास्त हवी, पुराचा मार तिथं बसतो. आणि इथं बघा, असं म्हणून त्यांनी दाखवलं, तर खरंच दगडांचे मोठे ढीग उजव्या अंगाला होते आणि डावीकडं जेमतेम ओळभर. उलटं केलंय, ते म्हणाले. ज्या बाजूनं पाणी येतं ती बाजू उघडी टाकली.

गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठी जन्म काढलेल्या आम्हा तिघांनाही यात शंका घ्यावी असं काही दिसलं नाही. पाणवेली कुठं वाहतात ते बघून नदी ओळखायची हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आजोबा एवढंच म्हणाले की भाऊसाहेब, आज हे बोलू नका. आज तुम्ही वेगळं बोलायला आलाय.

भाऊसाहेब म्हणाले, दिसलं ते सांगायला नको?

दहाला अश्विनी आली. बरोबर तिचे साहेब, पिकलेल्या केसांचे, फार अदबशीर गृहस्थ. त्यांनी दोन्ही हात जोडून इंग्रजीत सांगितलं की तुमच्या मुलीनं आम्हाला सांगितलंय, पूल ऐकायला तिला तिच्या वडिलांनी शिकवलं. मी भाषांतर केलं. भाऊसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. अश्विनी लांब बघत होती. म्हणायचं ते म्हणायला याहून चांगली वेळ आली नसती.

साहेबांनी साइटवरची वही पुढं केली. पाहुणे अधिकारी येतात ते त्या वहीत शेरा लिहितात, मानाची गोष्ट असते. भाऊसाहेबांनी वही घेतली, पेन घेतलं, आणि सगळा जन्म जे केलं तेच केलं. उभ्यानं, वही कठड्यावर ठेवून, सुवाच्य अक्षरात पाच ओळी लिहिल्या. काँक्रीट उत्तम. दगडांची भर चुकीच्या अंगाला टाकली आहे. प्रवाहाची बाजू न पाहता काम केलेले दिसते. ताबडतोब दुरुस्ती करावी. खाली सही. मग माझ्याकडं वही देऊन म्हणाले की वहिनी, खाली इंग्रजीत लिहा.

मी लिहिलं. शब्दाला शब्द. एखादं वाक्य सौम्य करता आलं असतं, निदान 'दिसते'च्या जागी 'वाटते' करता आलं असतं. पस्तीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल शाईनं लिहिणाऱ्या बाईला ते सुचलं नाही. साहेबांनी वाचलं, अश्विनीकडं एकदा पाहिलं आणि वही मिटली. तिनं वडिलांकडं बघितलं. ती म्हणाली, "बघते, बाबा."

दुपारी तिच्या घरी जेवलो. तिनं पिठलं आणि भाकरी केली होती, मोठ्या कष्टानं कुठूनतरी ज्वारीचं पीठ आणून. खाट मांडलेलीच होती, तिच्यावर घडी न मोडलेली चादर. मी आत हात धुवायला गेले तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी विचारलं, अगं, खरंच उलटं टाकलंय का? ती म्हणाली, काकू, त्या वहीची पानं कंपनीकडं जातात आणि कंपनीकडून वर जातात. आता मला लेखी उत्तर द्यावं लागेल, स्वतःच्या वडिलांना. मग ती हसली, पण ते हसू धड नव्हतं. म्हणाली, "तेव्हा एक फोन केला होता. या वेळी लेखी दिलं."

माझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नाही. द्यायचं नव्हतंच तिला. चार माणसांत वडिलांची चूक काढायची नाही, एवढ्यासाठी तिनं सकाळपासून तोंड मिटलं होतं, हे मला दोन तासांनी कळलं.

तीन वाजता भाऊसाहेबांना राहवेना. पुन्हा पुलावर निघू या. अश्विनी कामावर गेली होती. आम्ही तिघं चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं, पदपथावर चिटपाखरू नव्हतं. भाऊसाहेब सकाळच्याच जागी कठड्याशी गेले, खाली वाकले आणि तसेच राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी जवळ जाऊन पाहिलं.

पाणवेली उजवीकडून डावीकडं चालल्या होत्या. सकाळसारख्या सावकाश नव्हे. पुंजक्यामागून पुंजका, घाईनं, आणि खांबांच्या उजव्या अंगाला, बरोबर त्या दगडांच्या ढिगांवर पाणी आपटून फुटत होतं.

"अण्णा," त्यांनी तुमच्या आजोबांना विचारलं, "हे काय चाललंय?"

आजोबा म्हणाले, पाणी परत चाललंय, भाऊसाहेब. भरती-ओहोटी आहे ही.

तिथं कठड्याजवळ शेंगदाणे विकणारा एक म्हातारा छत्रीखाली बसला होता. मी त्याला इंग्रजीत आणि हातवारे करून विचारलं. त्यानंही हातानंच सांगितलं, रोज दोनदा इकडून, दोनदा तिकडून, आणि आतून सगळ्या नद्यांचं पाणी घेऊन समुद्राकडं जाताना जोर जास्त. हे सांगताना त्यानं आमच्याकडं असं बघितलं की सूर्य उगवतो कुठून हे या माणसांना माहीत आहे की नाही.

भरती-ओहोटी भाऊसाहेबांना माहीत नव्हती असं नाही. पुस्तकात वाचली होती. पण त्यांचं सगळं आयुष्य ज्या पाण्यांवर गेलं ती पाणी एकाच बाजूला जातात, एकदा गेलेली परत येत नाहीत. प्रवाह बघितला की बाजू ठरली. ते तब्बल तासभर तिथं उभे होते. टकटक नाही, येरझाऱ्या नाहीत. मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, ते बघवत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तिला सकाळीच माहीत होतं. बोलली नाही पोरगी."

पाच वाजता आम्ही काठावरच्या साइट ऑफिसात गेलो. पत्र्याची खोली. अश्विनी संगणकासमोर बसून लिहीत होती, बहुधा तेच उत्तर. तिचे साहेब होते आणि आणखी दोन तरुण इंजिनियर. भाऊसाहेबांनी बसायला नकार दिला आणि वही मागितली.

सरकारी वहीत चूक खोडण्याची एक रीत असते. गिरवून काळं करायचं नाही, पान फाडायचं नाही. मधून एकच रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते पुढच्यालाही वाचता यावं, आणि शेजारी सही करायची. भाऊसाहेबांनी आपल्या पाच ओळींवर पाच रेघा मारल्या. माझ्या इंग्रजीवर मारल्या. खाली लिहिलं की वरील शेरा चुकीचा आहे, पाणी दोन्ही अंगांनी वाहते हे मी पाहिले नव्हते, काम बरोबर आहे. सही केली. मी इंग्रजीत लिहू लागले तर ते म्हणाले, थांबा वहिनी, अजून आहे, ते तोंडी सांगा यांना.

मग ते साहेबांकडं तोंड करून बोलू लागले. इतकी वर्षं कमावलेली ऑफिसची मराठी गळून पडली होती.

"यांना सांगा, हिला साइटवर पाठवू नका म्हणून मीच फोन केला होता. हिला लय शिकवलं मी, अन् शिकवून घरात बसवायला निघालो. मला वाटलं मला बाजू माहीत हाय. मला नव्हती माहीत. आजच्यासारखंच. माझं चुकलं हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय. हिलापण नाय."

मी साहेबांकडं वळले. पहिलं वाक्य इंग्रजीत सुरू केलं. मागून अश्विनी म्हणाली, "काकू, एवढं नका सांगू त्यांना."

मी थांबले. ती खुर्चीतून उठली होती. साहेबांनी अदबीनं विचारलं की तुमचे वडील काय म्हणाले. अश्विनीनंच मल्याळीत उत्तर दिलं, एक लहानसं वाक्य. साहेबांचा चेहरा उजळला, त्यांनी भाऊसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ हलवला. भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मला मल्याळी कुठं येतं.

साइटवरून परतताना तिच्या मोटारीत ती पुढं बसली होती. मागं न वळता म्हणाली, "बाबा, मी त्यांना सांगितलंय की तुम्ही इथंच राहताय. मला खोटं पाडू नका."

किती दिवस, असं त्यांनी विचारलं. ते बघू, ती म्हणाली. आजोबांनी सगळ्या वाटेत माझा हात धरून ठेवला होता, जे ते सहसा चारचौघांत करत नाहीत.

असं समजू नका की पुढं सगळं गोड झालं. भाऊसाहेब तिथं दोन पावसाळे राहिले आणि रोज भांडले. सकाळी सहाला तिच्या साइटवर जाऊन उभे राहायचे, तिच्या मजुरांना मराठीत सूचना द्यायचे. अश्विनी मला फोन करून म्हणायची की काकू, यांना घेऊन जा परत, काल माझ्या कॉन्ट्रॅक्टरला हातोडी दाखवली. मग मागून त्यांचा आवाज यायचा, दाखवली नाय, दिली होती, ऐकून बघ म्हणून. जुना फोन आठवून ती मधेच चिडायचीही. एकदा आठवडाभर दोघं बोलले नव्हते, म्हणजे एका घरात राहून. असं काही एका संध्याकाळीत संपत नाही.

गेल्या हिवाळ्यात ते तिथंच गेले, सकाळी, बूट घालताना. अश्विनी एकटीच नाशिकला आली, खालचं घर आवरलं, चार दिवस आमच्याकडं जेवली आणि परत कामावर गेली. त्या घरात आता नवं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, फार शांत.

पण भाऊसाहेब गेले असं मला जाणवतं ते त्या दिवसानं नाही. त्याच्या कितीतरी आधीच्या, केरळातून आमच्या परतीच्या प्रवासानं. आम्ही तिघांची तिकिटं काढली होती. स्टेशनवर ते आम्हाला पोचवायला आले, मुलीच्या गाडीतून, रिकाम्या हातांनी, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहून आजोबांना घराची किल्ली कुणाकडं द्यायची ते सांगत राहिले. अश्विनी दोन पावलं मागं उभी होती. तिनं त्यांना दोनदा हाक मारली, बाबा, चला, मला साइटवर जायचंय. गाडी हलली तेव्हा ते आधीच तिच्यामागं निघालेले होते.

तासाभरानं तिकीट तपासनीस आला. आमची दोन नावं पाहिली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडं बघून विचारलं की तिसरे कुठं आहेत. आजोबांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली, शब्द सापडेना, मग सरळ मराठीत म्हणाले, "नाही आले. त्यांना मुलीनं ठेवून घेतलं."

त्याला किती कळलं देवाला ठाऊक. ही जागा दुसऱ्याला देऊ का, असं त्यानं विचारलं. द्या, असं आम्ही दोघंही एकदम म्हणालो. त्यानं हातातल्या यंत्रावर बोट टेकवलं, आणि आमच्या नावांखालचं त्यांचं नाव पडद्यावरून गेलं.